जखम भरली, आजार राहिला



लैंगिक संबंधातून होणाऱ्या आणि जननेंद्रियांवर जखमा करणाऱ्या आजारांचे निदान व उपचार, हा विषय मी सुचवला तेव्हा संयोजकांनी तो आहे त्या शब्दांत पत्रिकेवर छापला. 'त्वचेची निगा' असे काही सौम्य शीर्षक शोधले नाही. त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. या आजारांत रुग्णाचे निम्मे नुकसान जंतू करतो आणि उरलेले निम्मे आडपडदा करतो. म्हणून ओपीडीत मी ज्या शब्दांत बोलते, त्याच शब्दांत आज बोलणार आहे.

मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. जखम पाहताक्षणी आजार कोणता ते कळते, असे बऱ्याच डॉक्टरांना वाटते. जखम भरली की आपण बरे झालो, असे रुग्णाला वाटते. हे दोन्ही समज खोटे आहेत, आणि एकमेकांना भेटले की फार महागात पडतात.

उपदंशापासून सुरुवात करते. गावाकडे याला 'गरमी' म्हणतात, आम्ही डॉक्टर सिफिलिस म्हणतो. ट्रेपोनेमा पॅलिडम नावाचा मळसूत्री जंतू संबंधाच्या वेळी नाजूक त्वचेतून आत शिरतो. त्यानंतर ९ ते ९० दिवसांत, बहुधा तीनेक आठवड्यांनी, त्या जागी एक जखम उमटते. बहुतेक वेळा एकच. तळ स्वच्छ, कडा बोटांना घट्ट लागणाऱ्या, आणि दुखत अजिबात नाही. जांघेत गाठी येतात, त्याही दुखत नाहीत. पुरुषाला ती निदान दिसते तरी. बाईला ती गर्भाशयाच्या तोंडावर किंवा योनीमार्गात आत झाली, तर तिला पत्ताही लागत नाही. ओठावर, जिभेवर, गुदद्वारातही ती होऊ शकते. आणि मग तीन ते सहा आठवड्यांत, कोणतेही औषध न घेता, ती जखम आपोआप भरून येते.

काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, अंगावर पुरळ उठते. तळहात-तळपायांवरही उठते, पण सहसा खाज नसते. उन्हाळ्याचे असेल, काही खाण्यात आले असेल, असे म्हणून तेही जाते. पुढे कित्येक वर्षे शांतता. रक्तात जंतूची खूण असते, माणूस धडधाकट असतो. उपचार न झालेल्यांपैकी काहींना त्यानंतर केव्हातरी महारोहिणी, मेंदू किंवा मज्जारज्जू यांचा आजार होतो. डोळे आणि कान तर पहिल्या एक-दोन वर्षांतही बाधित होऊ शकतात. कानाने कमी ऐकू येऊ लागलेला माणूस कानाच्या डॉक्टरकडे जातो, आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्या न दुखणाऱ्या जखमेबद्दल त्याला कुणी विचारत नाही.

ही जखम आपोआप भरते, या एका गुणधर्माने वैद्यकाच्या इतिहासात केवढा घोळ घातला ते पाहा. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी 'भावप्रकाश' लिहिला. त्यात हा आजार 'फिरंग रोग' म्हणून येतो आणि तो फिरंग्यांच्या संगतीने होतो अशी स्पष्ट नोंद आहे. उपाय म्हणून रसकापूर, म्हणजे पाऱ्याचा क्षार, कणकेच्या गोळीत घालून दातांना न लागता गिळायला सांगितला आहे. जोडीला चोपचिनी ही मुळी. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता यांचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ छापून निघाला, त्यातही चोपचिनीचे स्वतंत्र प्रकरण आहे. युरोपात पाऱ्याचेच राज्य होते. रुग्ण पारा घ्यायचा, तोंडाला सतत लाळ सुटायची, हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, आणि महिन्या-दीड महिन्यात जखम भरायची. ती पाऱ्याने भरली की आपल्या आपण, हे ठरवायचे साधन कुणापाशी नव्हते. त्या वैद्यांना मी दोष देणार नाही. त्यांच्या हाती जे होते ते त्यांनी वापरले. पण आज, सगळी साधने हाताशी असताना, मेडिकलच्या दुकानातून स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेली ट्यूब आणून लावली जाते, जखम भरते, आणि श्रेय ट्यूबला मिळते. तोच माणूस पुढच्या मित्राला त्याच ट्यूबचे नाव सांगतो. हे थांबले पाहिजे.

साधने कशी आली तेही थोडक्यात सांगते. १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी जंतू शोधला. पुढच्याच वर्षी वासरमान यांची रक्तचाचणी आली. १९०९ मध्ये पाउल एर्लिश यांच्या प्रयोगशाळेत साहाचिरो हाता या जपानी शास्त्रज्ञाने सशांवर प्रयोग करून ६०६ क्रमांकाचे सोमलयुक्त रसायन गुणकारी असल्याचे दाखवले. ते १९१० मध्ये साल्व्हार्सन नावाने बाजारात आले. आणि १९४३ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर जॉन महोनी आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांना पेनिसिलिन दिले आणि ते बरे झाले. त्याला आता ऐंशी वर्षे उलटून गेली, तरी हा जंतू पेनिसिलिनला दाद देईनासा झालेला नाही. प्रतिजैविकांच्या जगात अशी उदाहरणे फार थोडी.

याच पेनिसिलिनवर एक काळा डाग आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ मध्ये सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांना निरीक्षणाखाली घेतले. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. उपचार न केल्यास आजार कसा वाढतो ते पाहायचे होते. माणसांना आजाराचे नाव सांगितले नाही, 'रक्त खराब आहे' एवढेच सांगितले. पुढे पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागले, तरी त्यांना ते मिळू दिले नाही. १९७२ मध्ये वर्तमानपत्रात बातमी फुटली तेव्हा हे थांबले. चाळीस वर्षे. उपचार न झालेला उपदंश माणसाचे काय करतो याबद्दलची आपली काही माहिती अशा मार्गाने आली आहे. वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला जंतूच्या नावाआधी हे शिकवावे, असे माझे मत आहे.

आता बाकीच्या जखमा. नागपूर-पुण्याकडच्या जुन्या पिढीतल्या डॉक्टरांना विचारा, त्यांच्या उमेदीच्या काळात शँक्रॉइड, म्हणजे मृदू व्रण, रोज दिसायचा. कडा फाटक्या, तळ घाणेरडा, हात लावताच रक्त, आणि वेदना एवढी की माणूस चड्डी घालू शकत नाही. जांघेत दुखरी गाठ येते, पिकते, फुटते. खेड्यातले लोक तिला 'बद' म्हणतात. नेपल्समध्ये १८८९ साली आउगुस्तो ड्युक्रे यांनी याचा जंतू शोधला, तो जखमेतला स्राव रुग्णाच्याच हातावर पुन्हा पुन्हा टोचून, अखेरीस एकच जंतू उरेपर्यंत. बद फुटण्याच्या बेतात असेल तर तिला चीर देऊ नये. वरच्या बाजूच्या निरोगी त्वचेतून सुई घालून पू ओढून घ्यावा, नाहीतर तिथे महिनोन्‌महिने न भरणारी जखम होते.

डोनोव्हनोसिस हा आजार तर आपल्याच देशात ओळखला गेला. चार्ल्स डोनोव्हन यांचा जन्म कलकत्त्याचा, नोकरी मद्रासच्या जनरल हॉस्पिटलात. काला-अझारच्या जंतूला ज्यांचे नाव आहे तेच हे डोनोव्हन. १९०५ मध्ये त्यांनी या जखमेतल्या पेशींमध्ये जंतूंचे पुंजके पाहिले. लालभडक, न दुखणारी, स्पर्श होताच रक्त येणारी, हळूहळू पसरत जाणारी ही जखम महिनोन्‌महिने तशीच राहते. आज भारतात ती क्वचित दिसते. चौथा आजार एलजीव्ही, म्हणजे लिम्फोग्रॅन्युलोमा व्हेनेरियम. त्यात जखम इतकी छोटी आणि अल्पजीवी असते की रुग्ण येतो तो थेट जांघेतल्या गाठी घेऊन, आणि त्याला डॉक्सिसायक्लिन पुरे २१ दिवस द्यावे लागते.

आज आमच्या ओपीडीत सर्वाधिक दिसते ती मात्र हर्पिस. इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त रडू मी याच आजारात पाहिले आहे. पाणी धरलेल्या बारीक पुळ्यांचा घोस येतो, पुळ्या फुटतात, उथळ जखमा होतात आणि आग होते. पहिला झटका सर्वांत मोठा: ताप, अंगदुखी, बाईला लघवी करणेही असह्य होते. मग जखमा भरतात, पण विषाणू कमरेखालच्या मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन बसतो आणि अधूनमधून परत येतो. रुग्णाला कुणीतरी सांगितलेले असते की ही नागीण आहे. नागीण वेगळी, ती कांजिण्यांच्या विषाणूची, हा तिच्या कुळातला दुसरा विषाणू. असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पहिल्या झटक्यात ७ ते १० दिवस घेतले की त्रास लवकर आटोक्यात येतो. हे औषध ज्या संशोधनातून आले त्यात गर्ट्रूड एलियन यांचा मोठा वाटा होता आणि १९८८ च्या नोबेल मानकऱ्यांत त्या होत्या. पण असायक्लोव्हिर विषाणूला शरीराबाहेर काढत नाही, आणि हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

सांगायचे कसे, यावर बरेच काही अवलंबून असते. 'हा आजार बरा होत नाही' असे एक वाक्य टाकून डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळला, तर समोरची मुलगी लग्न, मुले, आयुष्य सगळे संपले असे समजून घरी जाते. मी म्हणते, बाळा, हा परत येईल, पण दर वेळी थोडा कमी त्रास देईल. येण्याआधी तिथे मुंग्या येतात, चुणचुणते. तेव्हाच गोळी सुरू कर. फार वेळा आला तर रोजची एक छोटी मात्रा ठेवू. लग्न करता येईल, मुले होतील. फक्त गरोदर राहिलीस की डॉक्टरला हे सांगायचे, आणि शेवटच्या महिन्यांत जखम दिसली तर लपवायची नाही. पुळ्या नसतानाही विषाणू त्वचेवर येतो, म्हणून नवऱ्याला सांगावे लागेल. कंडोमने धोका कमी होतो, पण कंडोम न झाकणाऱ्या जागेवरूनही लागण होते. आणि आणखी एक: आज जखम दिसली म्हणजे लागण गेल्या महिन्यातलीच असे नसते. कित्येक वर्षांपूर्वी गुपचूप आलेला विषाणू आज पहिल्यांदा दिसू शकतो. 'कुणी दिले' या प्रश्नावर संसार मोडण्याआधी नवरा-बायको दोघांनाही हे समजले पाहिजे.

इतकी वर्णने सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, मग डोळ्यांनी ओळखता येतेच की. न दुखणारी एकटी जखम म्हणजे उपदंश, दुखरी म्हणजे शँक्रॉइड, पुळ्या म्हणजे हर्पिस. पाठ्यपुस्तकांत तसे तक्ते आहेत. पण तक्त्यातली जखम आणि माणसाच्या अंगावरची जखम यांत अंतर पडते. येईपर्यंत माणसाने तीवर डेटॉल ओतलेले असते, कुणी तुरटी लावलेली असते, कुणी अर्धवट प्रतिजैविक घेतलेले असते. एकाच जखमेत दोन जंतू असू शकतात. एचआयव्ही असेल तर हर्पिसच्या जखमा खोल आणि न भरणाऱ्या होतात.

याचा कस पुण्यातच लागला आहे. १९९० च्या दशकात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांमध्ये येणाऱ्या, जननेंद्रियावर जखम असलेल्या रुग्णांचे नमुने पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीने पाहिले गेले. २६ टक्क्यांत हर्पिस, २३ टक्क्यांत शँक्रॉइडचा जंतू, १० टक्क्यांत उपदंश, ७ टक्क्यांत एकाहून अधिक जंतू, आणि ३४ टक्क्यांत काहीच सापडले नाही. म्हणजे दर तीन रुग्णांमागे एकाच्या जखमेचे कारण उत्तमातल्या उत्तम चाचणीलाही कळले नाही. उपदंशासाठी आम्ही ज्याच्यावर विसंबून होतो ती डार्क फील्ड तपासणी, म्हणजे जखमेतला स्राव काचपट्टीवर घेऊन काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे जंतू सूक्ष्मदर्शकातून पाहणे, तिने पीसीआरने दाखवलेल्या उपदंशांपैकी जेमतेम ३९ टक्के पकडले. अनुभवी माणसांनी, नीट साधनांनी केलेले हे काम होते. त्यामुळे 'मी पाहून सांगतो' असे म्हणणाऱ्या कुणाचेही ऐकताना हे आकडे आठवावेत.

मग काय करायचे? पीसीआर प्रत्येक तालुक्यात नाही. रुग्णाला 'रिपोर्ट आल्यावर या' म्हटले तर तो येत नाही; जखम भरलेली असते, बस-भाडे लागते, आणि तोंड दाखवायची लाज असते. म्हणून पहिल्याच भेटीत, त्या जखमेमागे जे जे संभवते त्या सगळ्यावर उपचार द्यायचे, अशी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने आखली आणि आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, नॅकोने, ती रंगांच्या किटमध्ये बांधली. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ही किट मिळतात. पुळ्या नसलेली जखम असेल तर पांढरे किट: बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिटचे इंजेक्शन आणि अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम. एकाने उपदंश जातो, दुसऱ्याने शँक्रॉइड. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर निळे किट, त्यात डॉक्सिसायक्लिन पंधरा दिवस. पुळ्या असतील तर लाल किट, असायक्लोव्हिरचे. शंका असेल तर पांढरे आणि लाल दोन्ही. सात दिवसांनी परत बोलवायचे. जोडीदाराला उपचार. जखम भरेपर्यंत संबंध नाही. उपदंशाची आणि एचआयव्हीची रक्ततपासणी त्याच दिवशी.

या पद्धतीला अंदाजपंचे म्हणून नाक मुरडणारे माझे सहकारी आहेत. औषधे जास्त दिली जातात, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण रुग्ण निदानाच्या शोधात हरवला तर ती जखम भरेल, जंतू राहील, आणि तो इतरांना देत राहील. त्या मानाने एक जादा गोळी मला परवडते.

एक मात्र ठासून सांगते. अझिथ्रोमायसिनला न जुमानणारे उपदंशाचे जंतू जगात अनेक ठिकाणी सापडले आहेत. 'इंजेक्शन नको, ही एकच गोळी घ्या' हा सल्ला उपदंशात चालत नाही. इंजेक्शन हवेच. आणि खासगी दवाखान्यांत नेमके तेच टाळले जाते. कारण पेनिसिलिनची भीती. एखाद्याला तीव्र ॲलर्जी येते, प्राणावर बेतू शकते, हे खरेच. म्हणून ॲड्रेनॅलिनची सुई भरून, सलाइन हाताशी ठेवून, आधी विचारपूस करून ते द्यायचे असते आणि रुग्णाला अर्धा तास बाकावर बसवून ठेवायचे असते. ज्या दवाखान्यात ॲड्रेनॅलिन नाही तिथे कोणतेच इंजेक्शन देऊ नये. ज्यांच्याकडे आहे, त्यांनी पेनिसिलिनला घाबरू नये.

हे इंजेक्शन देणे हीसुद्धा कसबाची गोष्ट आहे, आणि मी ते नव्या डॉक्टरांकडून माझ्यासमोर करून घेते. बाटलीत पांढरी भुकटी. पाणी घालून दोन्ही तळव्यांमध्ये फिरवून ती सारखी मिसळावी लागते. तयार होतो तो दाट, दुधाळ द्रव. बारीक सुईतून तो जात नाही, मध्येच अडकतो. जाड सुई घ्यायची, आणि भरल्यावर वेळ न घालवता द्यायचे. २४ लाखांचे दोन भाग, १२ लाख एका कुल्ल्यात, १२ लाख दुसऱ्यात, स्नायूत खोल, दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहून. दुखते. ते रुग्णाला आधी सांगायचे. एवढे दाट औषध का, तर उपदंशाचा जंतू फार सावकाश दुभंगतो, साधारण तीस तासांनी एकदा. पेनिसिलिन जंतूला मारते ते तो वाढत असताना. म्हणून रक्तात त्याची थोडी पातळी अनेक दिवस टिकली पाहिजे, आणि स्नायूत साठून हळूहळू झिरपणारे हे औषध ते काम करते. आजार जुना असेल, केव्हापासूनचा ते कळत नसेल, तर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने.

त्या रात्री काहींना थंडी वाजून ताप येतो, पुरळ उठून दिसते. हे औषध सोसले नाही म्हणून नव्हे, तर एकदम मेलेल्या जंतूंमुळे. पॅरासिटॅमॉल घ्यावे, झोपावे. हे सांगितले नाही तर रुग्ण पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाही.

रक्ताच्या दोन चाचण्या असतात आणि त्यांच्या रिपोर्टांनी लोकांचा फार छळ होतो, म्हणून त्यांचा अर्थ सांगते. आरपीआर किंवा व्हीडीआरएल ही आजाराची आजची धग सांगते. १:८, १:३२ असा तिचा आकडा येतो. उपचारानंतर तो उतरायला हवा: १:३२ चा १:८ झाला तर औषध लागू पडले. जखम अगदी ताजी असताना ही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करायची. कुष्ठरोग, मलेरिया, ल्यूपस, कधी नुसते गरोदरपण, यांतही ती थोडीफार पॉझिटिव्ह येते. टीपीएचए ही दुसरी चाचणी खास या जंतूची, पण ती एकदा पॉझिटिव्ह आली की बहुतेकांत आयुष्यभर तशीच राहते, लहानपणी टोचलेल्या देवीच्या लसीची खूण दंडावर राहावी तशी. कोकणातून आखातात नोकरीला जाणाऱ्या मुलांच्या वैद्यकीय तपासणीत उपदंशाची चाचणी असते. काही वर्षांपूर्वी पूर्ण उपचार घेतलेला मुलगा या पॉझिटिव्ह शब्दापायी अडकतो, आणि कुणीतरी त्याला इंजेक्शनांचा दुसरा, तिसरा फेरा देते. आपले जुने रिपोर्ट आणि इंजेक्शनाच्या तारखांची चिठ्ठी जपून ठेवा, एवढे मी प्रत्येकाला बजावते.

आणि प्रत्येक जखम संबंधातून आलेली नसते, हेही इथे सांगितलेच पाहिजे. जुलाब झाले म्हणून नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची गोळी घेतली, काही तासांत शिश्नाच्या टोकावर काळपट लाल चट्टा उठला, आग झाली, साल निघून जखम झाली. सहा महिन्यांनी पुन्हा तीच गोळी, पुन्हा त्याच जागी तसाच चट्टा. ही औषधाची ॲलर्जी आहे. असा एक शिक्षक माझ्याकडे आला तेव्हा त्याची बायको माहेरी निघून गेली होती. मी दोघांना एकत्र बसवून गोळीचे पाकीट आणि तारखा समोर ठेवल्या. मधुमेहात पुढच्या कातडीला चिरा पडतात. उतारवयात न भरणारी, वाढत जाणारी जखम कर्करोगाची असू शकते. तिचा तुकडा तपासायला हवा, मलमे बदलत बसू नये. २०२२ पासून एमपॉक्सचाही विचार करावा लागतो. डॉक्टरने आरोप करण्याची घाई केली की या सगळ्यांवर अन्याय होतो.

या आजारांत सक्तीने काय साधते ते आपल्या मुंबईने पाहिले आहे. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याखाली वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि गुप्तरोगांसाठीच्या 'लॉक हॉस्पिटलात' कोंडणे सुरू झाले. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची तपासणी नव्हती. बायका लपू लागल्या, आणि १८८८ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. याच्या उलट सांगलीत १९९० च्या दशकात 'संग्राम' संस्थेबरोबर या स्त्रियांनी स्वतः कंडोम वाटपाचे काम हाती घेतले आणि पुढे 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. दवाखान्यात यायचे की नाही हे ज्यांच्या हाती आहे, त्यांना मान दिला तरच त्या येतात. मराठीत या विषयावर उघड बोलण्याची वाट र. धों. कर्वे यांनी पाडली. १९२७ ते १९५३ त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या.

जखमेतून एचआयव्हीला वाट मिळते, हे पुण्यातल्या रुग्णांच्या पाठपुराव्यात दिसले होते. टांझानियातल्या म्वान्झा भागातल्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, गावपातळीवर या आजारांचे उपचार सुधारल्यावर एचआयव्हीच्या नव्या लागणी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. नंतर युगांडातल्या प्रयोगात तसे घडले नाही, आणि दुसऱ्या प्रयोगांत असायक्लोव्हिर देऊनही एचआयव्हीची लागण टळली नाही. म्हणून या उपचाराने एड्स थांबेल असे वचन मी देणार नाही. जखमेचा उपचार त्या माणसासाठी करायचा, एवढे कारण पुरेसे आहे.

शेवटी गरोदर बायांविषयी. आईला उपदंश आहे आणि उपचार झाला नाही, तर निम्म्याहून अधिक गर्भारपणांत काही ना काही विपरीत घडते: गर्भपात, पोटातच मूल दगावणे, दिवस भरण्याआधी प्रसूती, किंवा जन्मतः आजारी मूल. हे सारे त्याच दाट दुधाळ इंजेक्शनाने टळते. क्यूबाने हे करून दाखवले. आईकडून बाळाकडे होणारी एचआयव्ही आणि उपदंशाची लागण संपवल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये त्या देशाला दिली. नंतर थायलंड आणि श्रीलंकेलाही दिली. आपल्याकडेही आता बोटाच्या रक्ताच्या एका थेंबावर एचआयव्ही आणि उपदंश दोन्ही तपासणारी पट्टी आहे. ती नाव नोंदवायच्या पहिल्याच भेटीत वापरली पाहिजे, सातव्या महिन्यात नव्हे; कारण प्रसूतीला ३० दिवसांहून कमी अवधी उरला असताना दिलेले इंजेक्शन बाळासाठी पुरेसे धरता येत नाही. गरोदरपणात पेनिसिलिनला पर्याय नाही. ॲलर्जी असेल तर रुग्णालयात दाखल करून, अगदी थोड्या मात्रेपासून चढवत नेऊन, पण पेनिसिलिनच द्यावे लागते.

नवऱ्याला त्याच आठवड्यात बोलवा. तो यायला तयार नसेल तर आशाताईंना सांगा, १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, औषध घरी पोचवायची सोय करा. कारण त्याच्या उपचारावाचून बाईला परत लागण होणार आहे. आणि बाळ जन्मले की त्याचे तळहात, तळपाय, नाक आणि यकृत पाहा, आणि त्याचा आरपीआर आईच्या आरपीआरशेजारी ठेवून वाचा. बाळाचा आकडा आईच्या चौपट किंवा जास्त असेल, तर उपचार त्याच दिवशी सुरू करा.